‘घर पडला’ यात चूक कुठे आहे?

फळ्यावर एक वाक्य लिहिलंय : ‘पावसात आमचा घर पडला.’ घरी मालवणी बोलणाऱ्या पोराच्या पाचवीच्या वहीत हे दिसलं की ‘पडला’खाली लाल रेघ आणि समासात शेरा, ‘लिंग चुकले’. आता मालवणीत तीन वाक्यं बोलून बघा. झील इलो (मुलगा आला). बायल इली (बायको आली). चेडू इला. पुल्लिंगाला ओ, स्त्रीलिंगाला ई, नपुंसकलिंगाला आ. (चेडू म्हणजे मुलगी, तरी नपुंसकलिंगीच!) म्हणजे घर नपुंसकलिंगी हे पोराला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच त्यानं ‘पडला’ लिहिलं. पुस्तकी मराठीत तोच आ पुल्लिंगाकडे गेलाय, एवढाच घोटाळा.

शेरा मारणाऱ्याचं व्याकरण कच्चं नसतं. बोलीला नियमच नसतात, हे त्याच्या मनात आधीच बसलेलं असतं. मग नियमाला चूक म्हटलं जातं, चुकीला गावंढळपणा, आणि पोराला ढ. गुण जातात ते जातातच, वर्गात वर होणारा हातही खाली येतो.

आवाज ऐकून माणूस जोखायची ही खोड सगळीकडची. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट आणि सहकाऱ्यांनी दोन्ही भाषा येणाऱ्यांकडून एकच मजकूर इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये वाचून घेतला. माणसं तीच आहेत हे ऐकणाऱ्यांना सांगितलं नाही. 1960 साली निकाल छापला : इंग्रजी आवाज जास्त हुशार वाटला, जास्त उंचसुद्धा! फ्रेंच भाषकांनीही इंग्रजीलाच झुकतं माप दिलं. आपणही काही वेगळे नाही. मालवणी नाटकाला मुंबई पोट धरून हसते, पण त्याच हेलात बँकेचा मॅनेजर कर्जाची अट सांगू लागला तर?

बरं, पुणेरी म्हणजे शुद्ध म्हणावं, तर पुण्याच्या पेशव्यांचं घराणं मूळचं कोकणातल्या श्रीवर्धनचं. त्यांच्या ज्ञातीची चित्पावनी बोलीही कोकणातलीच. पण घाट चढून सत्तेपर्यंत पोचलेल्या घरांनीही ती माजघरातच ठेवली. छापील पुस्तकांत तिला जागा मिळाली नाही.

प्रमाण मराठी शिकवूच नये, असं मात्र मी म्हणणार नाही. अर्ज, परीक्षा, कोर्टाचा कागद, सगळं तिच्यात चालतं. ती न देणं हाही अन्यायच. प्रश्न शिकवण्याच्या क्रमाचा आहे. वही तपासताना दोन रकाने करा. ‘घर पडला’, ‘माका दिला’ (मला दिलं) हे बोलीच्या नियमाचं एका बाजूला. सुटलेला काना, चुकलेली वेलांटी दुसऱ्या. पहिल्या रकान्यावर लाल शाई नको, तो फळ्यावर समोरासमोर मांडायचा : वारो सुटलो – वारा सुटला, घर पडला – घर पडलं.

यात एक खाच आहे. ‘पडला नाही, पडलं’ एवढंच सांगून सोडलं, तर पोर प्रत्येक ‘ला’चं ‘लं’ करतं आणि पुढच्या निबंधात ‘वारा सुटलं’ येतं. म्हणून आधी आठवडाभर फक्त ओकारान्त पुल्लिंगी शब्द घ्या : वारो, रस्तो, घोडो. ते आकारात नीट बसले की मगच घराला हात घाला.