‘उताऱ्यावर माझं नाव हाय न्हवं?’

(बेळगाव तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात एका वकीलबाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाशय, वाचनालयाची मंडळी आणि मळणी आटोपून इथं आलेले तुम्ही सगळे, नमस्कार. पत्रिकेत माझा विषय ‘सामान्य माणूस आणि कायदा’ असा छापलाय. एवढा मोठा विषय मला झेपायचा नाही. कोर्टाबाहेरच्या बाकड्यावर, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत लोक मला जे विचारतात, तेवढ्यावरच मी बोलणार आहे. पंगतीत तर हमखास. समोर बसलेला माणूस भातावर आमटी घेता घेता म्हणतो, ‘वकीलबाई, एक सहज विचारू का?’ हा सहज विचारलेला प्रश्न कधीच सहज नसतो. त्याच्यामागं एक कागद असतो, आणि बहुतेक वेळा त्या कागदावर सही होऊन गेलेली असते.

पहिला मान उताऱ्याचा. इथून पाच-सात मैलांवर पलीकडं महाराष्ट्रात, शिनोळी-तुडयेला, त्याला सातबारा म्हणतात. आपल्याकडच्या छापील कागदावर ‘आरटीसी’ किंवा ‘पहाणी’ असतं आणि आपण सगळे उताराच म्हणतो. एक मामा माझ्याकडं आले. भावानं दावा लावलेला. मामा अगदी निवांत. ‘उताऱ्यावर माझं नाव हाय न्हवं? मग झालं की!’

झालं नाही, मामा. उतारा हा सरकारनं सारा कुणाकडून घ्यायचा यासाठी ठेवलेला कागद आहे. कर्नाटकचा १९६४ चा जमीन महसूल कायदा एवढंच सांगतो की उताऱ्यावरची नोंद खरी धरायची, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंत. हक्क येतो तो खरेदीपत्रानं, वाटणीनं, वारशानं, मृत्युपत्रानं, बक्षीसपत्रानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं. नोंद त्याच्या मागून येते. सुप्रीम कोर्टानं हे इतक्या वेळा सांगितलंय, तरी आपल्या भावकीत भांडण लागलं की पहिला माणूस पळतो तो उतारा काढायला.

यातच धीर देणारी गोष्टही आहे. उताऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क गेला, असंही होत नाही. मुंबई इलाख्याच्या काळात, म्हणजे १९५६ च्या आधी, घरातल्या थोरल्याचं नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणून लावायची पद्धत होती. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. मालक सगळे, नाव एकाचं. पुढं तो थोरला गेला, त्याच्या मुलांची नावं लागली, आणि चुलत्यांना वाटलं आपलं शेत गेलं. अशा वेळी आजचा उतारा घेऊन बसू नका. जुन्या फेरफाराची, म्हणजे उताऱ्यावरचं नाव कधी, कशानं बदललं त्या नोंदीची, नक्कल काढा. खरी गोष्ट तिथं असते.

आणि ते ‘बारा वर्षं कसलं की जमीन त्याची’, हे तर आपल्याकडं वेदवाक्यासारखं चालतं. बारा वर्षांची मुदत कायद्यात आहे, खोटं नाही. पण ती लागते मालकाला उघड आव्हान देऊन, त्याचा हक्क नाकारून धरलेल्या ताब्याला. धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला गेला म्हणून थोरल्यानं शेत केलं, तर त्या थोरल्याचा ताबा सगळ्या भावांसाठीच धरला जातो. बारा काय, चोवीस वर्षं केलं तरी.

आता ज्या प्रश्नानं मला सगळ्यात जास्त त्रास होतो, तो. बेळगाव शहर वाढतंय, आसपासच्या शिवारात प्लॉट पडतायत. शेतजमीन, बिनशेती झालेली नाही, लेआउट मंजूर नाही. मधला माणूस दगड रोवून देतो आणि ‘बॉण्डवर’ व्यवहार होतो. बॉण्ड म्हणजे आपला स्टॅम्पपेपर. त्यावर टाइप केलेला मजकूर, फोटो चिकटवलेले, नोटरीचा लाल गोल शिक्का. तो शिक्का बघून माणसाला वाटतं सरकार साक्षीला उभं राहिलं. कारखान्यात तीस वर्षं काम केलेला माणूस फंडाचे सगळे पैसे त्यात घालतो. मग घर बांधायला कर्ज मागायला जातो, बँक म्हणते खरेदीपत्र आणा.

शंभर रुपये किंवा त्यावरच्या किमतीची जागा विकायची तर खरेदीपत्र सब-रजिस्ट्रारकडं नोंदवलंच पाहिजे. नोटरीनं शिक्का मारला म्हणजे एवढंच, की अमुक माणसानं माझ्यासमोर सही केली. सही करणारा मालक होता की नाही, ते नोटरी बघत नाही. साठेकरार, म्हणजे पुढं विकायचं कबूल करणारा कागद, आणि सोबत वटमुखत्यारपत्र, ही जोडी घेऊनही लोक येतात. तिच्यानं मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच स्पष्ट केलंय. पंचायतीची घरपट्टी पावती तुमच्या नावावर आहे? छान आहे, कर भरलात. मालकीचा तो पुरावा नव्हे.

मग करायचं काय? पैसे देण्याआधी विकणाऱ्याला हक्क कुठून आला तो मूळ कागद मागा. सब-रजिस्ट्रारकडून तीस वर्षांची ‘ईसी’ काढा, म्हणजे त्या जागेवर काय काय व्यवहार नोंदले गेलेत ते कळतं. बिनशेतीचा आदेश बघा. विकणाऱ्याच्या बहिणी किती, हे गावात विचारा. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, कारण पुढचा प्रश्न त्यांचाच आहे.

बायका हा प्रश्न सभेत विचारत नाहीत. सभा संपल्यावर चप्पल घालता घालता विचारतात. ‘माझं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, मला माहेरच्या शेतात काय असतंय का हो?’ असतं, आक्का. गोंधळ होतो तो एका जुन्या कायद्यामुळं. कर्नाटकानं १९९४ साली स्वतःची दुरुस्ती केली होती, तिच्यात ३० जुलै १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं. ती ओळ गावोगावच्या पंचांच्या डोक्यात अजून बसलेली आहे. पण ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राचा कायदा आला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलासारखीच जन्मानं हिस्सेदार झाली, लग्न झालेलं असो वा नसो. ‘पण आमचे वडील तर २००५ च्या आधीच गेले!’ त्यावरही सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला निकाल दिलाय: २००५ मध्ये कायदा आला त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. अपवाद आहे तो २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं होऊन गेलेल्या वाटणीचा. ‘आम्ही ८५ सालीच तोंडी वाटून घेतलंय’ असं भाऊ म्हणत असतील, तर त्याला त्या काळचा सरकारी कागद दाखवावा लागतो. वडिलांनी स्वतःच्या कमाईनं घेतलेल्या मिळकतीचं मात्र वेगळं आहे. तिचं मृत्युपत्र ते कुणाच्याही नावे करू शकतात. मृत्युपत्र नसेल तर मुलगा, मुलगी, बायको आणि आई हयात असेल तर ती, सगळे सारखे.

हक्कसोडपत्राबद्दल भावांची नेहमीची तक्रार असते की बहिणी सही देत नाहीत. मी एवढंच विचारते, देऊन टाक म्हणण्याआधी तिला काय सोडायचंय हे सांगितलं होतं का? एका बाईला ‘वारसा लावायचाय, सही पाहिजे’ म्हणून नेलं होतं. कागद कन्नडमध्ये होता. वारसा लावण्याचा अर्ज नव्हता तो, हक्कसोड होतं. ती सही मोडून काढायला आम्हाला अकरा वर्षं लागली. बाईची सातवी मराठी शाळेत झालेली होती, वाचता उत्तम येत होतं. फक्त ती लिपी नव्हे.

इथं भाषेचा विषय आलाच. मी वादात शिरत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यातून इकडं आलो, महाराष्ट्राचा २००४ चा सीमाभागाचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथं चालेल. तुम्हाला उद्या सकाळी कचेरीत जायचंय, त्याचं बोलू. ‘मराठीत अर्ज देता येतो का?’ राज्यघटनेचं ३५० वं कलम सांगतं की गाऱ्हाण्याचा अर्ज कोणत्याही अधिकाऱ्याकडं, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. उत्तर कोणत्या भाषेत मिळेल, हे मात्र त्या कलमात नाही. म्हणून माझा सल्ला थोडा व्यवहारी आहे, काहींना आवडत नाही. मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडा आणि पोच घ्या. हक्क मराठी कागदानं राहतो, काम कन्नड प्रतीनं लवकर होतं.

साक्ष मराठीत देता येते, बिनधास्त द्या. मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगायला जाल तर फसाल. आणि मराठीत देतानासुद्धा नातं सांगताना सांभाळा. माझ्या एका पक्षकारानं सांगितलं, ‘शेत मला अण्णांनी दिलं.’ त्यांच्या घरी वडिलांना अण्णा म्हणत. कन्नडमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. साक्ष उतरली, थोरल्या भावानं शेत दिलं. वडिलोपार्जित मिळकतीचा दावा, आणि कागदावर ती भावाची होऊन बसली! वेळीच लक्षात आलं म्हणून दुरुस्त झालं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, कोर्टात अण्णा, आप्पा, दादा म्हणायचं नाही. माझे वडील, माझा भाऊ, आणि पूर्ण नाव.

नावांचं तर काय सांगू. शाळेच्या दाखल्यावर ज्ञानेश्वर. इंग्रजीत मराठी पद्धतीनं लिहिलं तर स्पेलिंग डी-एन-वाय नं सुरू होतं. तोच उताऱ्यावर कन्नडमध्ये गेला आणि तिथून कुणी इंग्रजी केलं तर जे-एन. बँकेला वाटतं ही दोन माणसं आहेत. परशराम-परशुराम, कल्लाप्पा-कलाप्पा, तीच कथा. ‘दोन्ही नावं माझीच’ असं प्रतिज्ञापत्र करून देतात, त्यानं तात्पुरतं भागतं. पण प्रतिज्ञापत्रानं उतारा आपोआप बदलत नाही. त्यासाठी तहसीलदाराकडं दुरुस्तीचा वेगळा अर्ज लागतो आणि तो वडील हयात असताना केलेला बरा. नंतर वंशावळीतच घोळ होतो.

आपल्यातल्या निम्म्या घरांची सोयरीक पलीकडं, चंदगड-गडहिंग्लजला. त्यामुळं शेत इकडंही, तिकडंही. ‘दोन दावे घालायचे का?’ नाही. एकाच कुटुंबाच्या वाटणीत जमीन दोन कोर्टांच्या हद्दीत असेल, तर त्यातल्या कोणत्याही एका कोर्टात सगळ्या मिळकतीचा दावा चालतो. राज्य बदललं तरी दिवाणी प्रक्रिया संहिता एकच आहे. कुठं घालायचा ते अपिलाचा विचार करून ठरवा. इथल्या दाव्याचं हायकोर्ट धारवाडला. चंदगडवाल्यांना पूर्वी मुंबई गाठावी लागायची, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय. खरेदीपत्र मात्र जमीन जिथं, तिथंच नोंदवायचं आणि मुद्रांकही त्याच राज्याचा.

हद्दीचा दुसरा त्रास पोलिसांचा. अपघात कोगनोळीच्या अलीकडं की पलीकडं, यावर जखमी माणसाचे नातेवाईक दोन ठाण्यांत फिरतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत स्पष्ट आहे: दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. शून्य क्रमांकानं नोंदतात, मग योग्य ठाण्याकडं जाते. नोंदीची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. भरपाईचा दावा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो, कोल्हापूरला हेलपाटे नकोत. त्याला सहा महिन्यांची मुदत कायद्यात आहे, तेव्हा तेरावं-चौदावं उरकलं की कागद गोळा करायला लागा.

उरलेलं भराभर सांगते, घड्याळ दिसतंय मला. चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोचल्यावर त्याला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. ‘बघू, देतो म्हणालाय’ करत तारखा घालवू नका. २०१५ च्या दुरुस्तीनंतर फिर्याद तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात होते. म्हणजे इचलकरंजीच्या व्यापाऱ्याचा चेक बेळगावच्या तुमच्या खात्यावरून परत गेला, तर यायचं त्यानं. हातउसने दिलेत? तीन वर्षांची मुदत. बँकेतला नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांसाठी पैसे उचलणारा माणूस. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार हवेत, नोंदणी सक्तीची नाही. मी तरी करायला सांगते, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. वकिलाची फी परवडत नाही? स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा. माझं गिऱ्हाईक कमी होईल, होऊ दे.

इथं बसलेल्या आजींनी भाषणाआधीच मला एक पिशवी दाखवली. आत घडी पडलेला कागद, मोडीतला, वर मुंबई सरकारचा मुद्रांक. ‘ह्यो चालतोय का आता?’ आजी, कागद जुना झाला, राज्य बदललं, लिपी कुणाला येत नाही, म्हणून तो मरत नाही. मला स्वतःला मोडी वाचता येत नाही. जाणकाराकडून लिप्यंतर करून घेऊ, मग त्यात काय आहे ते बघू. नातू म्हणतोय फाटेल म्हणून लॅमिनेशन करून आणतो. ते तेवढं करू नका. मुद्रांक आणि शाई तपासायची वेळ आली तर वरचं प्लास्टिक आड येतं. आहे तसाच, त्याच पिशवीत, सोमवारी घेऊन या.