जिवंत पेशीतला हिरवा उजेड

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाचा पडदा. काळ्या पार्श्वभूमीवर एक हिरवी रेघ वळते.]

हा किडा जेमतेम एक मिलिमीटरचा. नाव सी. एलिगन्स, अंग पारदर्शक. त्याच्या 302 चेतापेशींपैकी हलका स्पर्श ओळखणाऱ्या फक्त सहा. त्यातल्या काही इथे जेलीफिशच्या एका प्रथिनामुळे हिरव्या दिसताहेत, आणि किडा जिवंत आहे.

तो जिवंत आहे, यातच सगळं आलं. एरवी एखादं प्रथिन पेशीत नेमकं कुठे बसलंय हे बघायचं, तर आधी पेशी फॉर्मॅल्डिहाइडमध्ये बुडवायची, तिच्या आवरणाला भोकं पाडायची, मग त्या प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला जोडलेला चमकता रंग आत सोडायचा. चित्र सुरेख यायचं. पण हे प्रथिन पुढे कुठे जाणार होतं, ते सांगायला पेशी उरायचीच नाही.

[दृश्य: फ्रायडे हार्बर. पाण्यात जेलीफिश.]

1961चा उन्हाळा, अमेरिकेचं वॉशिंग्टन राज्य. ओसामु शिमोमुरा आणि फ्रँक जॉन्सन इथे हजारोंनी जेलीफिश गोळा करत होते. त्यांना हवं होतं निळा उजेड देणारं एक्वोरिन. ते शुद्ध करताना आणखी एक हिरवट प्रथिन हाती लागलं, तेच पुढे जीएफपी (ग्रीन फ्लुओरेसंट प्रोटीन) म्हणून ओळखलं गेलं. 1962च्या शोधनिबंधात त्याची बोळवण झाली तळटीपेत!

त्या प्रथिनाचं जनुक वेगळं काढलं डग्लस प्रॅशर यांनी, अमेरिकेतल्या वुड्स होल या सागरी संशोधनाच्या केंद्रात, 1992 साली. तोवर त्यांचं अनुदान संपत आलं होतं. ज्यांनी मागितलं त्यांना त्यांनी जनुक देऊन टाकलं. त्यात होते मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन हे शास्त्रज्ञ.

आता अडचण बघा. या प्रथिनात 238 अमिनो आम्लं. उजेड देणारा भाग त्यातल्या लागोपाठच्या तिघांपासून घडतो. तो घडवायला जेलीफिशचंच एखादं विकर (एन्झाइम) लागत असणार, असं अनेकांना वाटायचं. तसं असतं तर नुसत्या जनुकाचा दुसऱ्या प्राण्यात काय उपयोग?

चाल्फींच्या प्रयोगशाळेने जनुकाचा फक्त प्रथिन घडवणारा तुकडा घेतला, टोकांचा जादा डीएनए वगळला आणि ई. कोलाय जिवाणूत घातला. निळ्या प्रकाशाखाली जिवाणू हिरवे चमकले. जेलीफिशचं दुसरं काहीच लागलं नाही, हवेतला ऑक्सिजन पुरला. माझ्या मते या साऱ्या कथेचा कणा हा जिवाणूंचा प्रयोग आहे. 1994मध्ये गाजला मात्र सुरुवातीचा किडा, ज्याच्या स्पर्श ओळखणाऱ्या चेतापेशींत हेच जनुक चालू केलं होतं.

[दृश्य: निळसर, पिवळ्या, हिरव्या पेशी.]

त्सिएन यांनी एखाददुसरं अमिनो आम्ल बदलून प्रथिन अधिक तेजस्वी केलं, नवे रंग काढले. हव्या त्या प्रथिनाच्या जनुकाला हे जनुक जोडलं की ते प्रथिन चमकतं, म्हणून एकाच पेशीत दोन रंगांनी दोन प्रथिनांचा माग काढणं त्यामुळे जमू लागलं.

2008चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळालं. तिघांपेक्षा जास्त जणांना ते देतच नाहीत. प्रॅशर तेव्हा अलाबामात एका मोटारविक्रेत्याकडे ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. चाल्फी आणि त्सिएन यांनी स्वखर्चाने त्यांना स्टॉकहोमला नेलं. चांगलंच केलं, पण अनुदान वेळेवर मिळालं असतं तर?

[दृश्य: पेशीचं विभाजन, थोडं कणीदार चित्र.]

हे चित्र धूसर का, असं वाटेल. प्रकाश वाढवला की चित्र ठळक येतं, पण रंग लवकर विटतो, आणि पेशीला इजा होऊन विभाजनच अडू शकतं. म्हणून प्रकाशाची झडप क्षणभर उघडायची, लगेच बंद करायची आणि एवढ्या चित्रावर भागवायचं.