पूर्व भाग पलटला म्हणजे नक्की कोण पलटलं?

तर मंडळी, निकालाच्या दिवशी सोलापूरच्या कन्ना चौकात चहाला उभं राहिलं की पूर्व भागाबद्दल, म्हणजे शहरातल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकर आणि विडी कामगारांच्या वस्तीबद्दल, एक वाक्य हमखास कानावर येतं, "पूर्व भाग पलटला की ओ". 2024 मध्ये तर सहा महिन्यांत दोनदा आलं. जूनमध्ये प्रणिती शिंदे 74 हजारांवर मतांनी लोकसभा जिंकल्या तेव्हा एकदा, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्याच जुन्या शहर मध्य विधानसभा मतदारसंघातून भाजपचे देवेंद्र कोठे निवडून आले तेव्हा परत. याच शहरानं 2004 ला माकपच्या, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या, नरसय्या आडम मास्तरांना लाल बावट्यावर आमदार केलं आणि त्याच वर्षी खासदार भाजपचा दिला, 1996 ला लिंगराज वल्याळ भाजपकडून लोकसभेवर गेले, पुढं 2009 पासून सलग तीनदा शहर मध्यमध्ये काँग्रेस. आता यात पलटायचं काय राहिलंय?

माझं म्हणणं असं आहे की माणसं फार कमी पलटतात, बुथवर येणारी माणसं बदलतात. साधा हिशोब करून बघा. समजा एका भागात एका पक्षाची 400 माणसं आहेत आणि दुसऱ्याची 300. पहिल्यांची निम्मीच आली, म्हणजे 200. दुसऱ्यांची शंभरातली पंच्याहत्तर आली, म्हणजे 225. निकाल फिरला, पेपरला हेडिंग आलं, आणि मत बदललेला माणूस पूर्ण भागात एक पण नाही!

मग कोण येतं आणि कोण राहतं? 7 मे 2024 आठवा. सोलापूरचा मे महिना तुम्हाला मी काय सांगायचा, अकरानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. त्यात विडी वळणारी बाई. तिची मजुरी हजार विड्यांवर, मतदानाची भरपगारी सुट्टी कायद्यात आहे पण सूप मांडीवर घेऊन घरी काम करणारीला ती सुट्टी कोण देणार? सकाळी पानं कापायची, वळायचं, दोरा बांधायचा, मग कारखान्यात विड्या जमा करून यायचं, तिथं विड्या तपासणारा चेकर दहा कारणं काढून विड्या बाजूला टाकणार, त्याच्याशी भांडायचं, घरी येऊन चूल, आणि मग चार वाजता मत. तिला राजकारण कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्याशी बोलून बघावं, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

त्या चार ते सहा वाजता खरा खेळ असतो. बुथपासून लांब पक्षांची टेबलं लागलेली असतात ना, तिथं जाऊन नुसतं उभं राहा. कार्यकर्त्यापुढं मतदारयादी असते, झालेल्या नावांवर पेनानं रेघ, राहिलेल्या नावांसमोर खुणा, हा आपला, हा त्यांचा, हा डाऊटफुल. मग पोरं गाड्या घेऊन पळतात, तेलुगूत अक्का अक्का करत दारं वाजवतात, आणि फक्त "आपल्या" दारांवरच थांबतात. मतदान वाढवा वाढवा म्हणणारा कुठलाच पक्ष सगळ्यांचं मतदान वाढवत नसतो, हे लक्षात ठेवा. आणि ही पोरं पूर्वी नगरसेवकाची असायची. मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली, पुढं कित्येक वर्षं प्रशासक, म्हणजे 2024 ला नळाला पाणी चार-पाच दिवसांनी आलं तरी जाब विचारायला गल्लीतला माणूस नव्हता, आणि मतदानाला हाक मारायलाही नव्हता. या गोष्टीवर कुणी बोलत नाही, मला ती फार मोठी वाटते.

आडम मास्तरांचं तर वेगळंच. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरं, 2006 ला मनमोहन सिंग आले. मग तिथंच रे नगर ही कामगारांची वसाहत, जानेवारी 2024 ला मोदी येऊन पंधरा हजार घरांच्या किल्ल्या देऊन गेले. एका कम्युनिस्ट माणसाच्या मागणीला दोन पक्षांचे दोन पंतप्रधान, हे महाराष्ट्रात दुसरीकडं कुठं झालं असेल असं वाटत नाही. पण कुंभारी शहराच्या हद्दीबाहेर! घर मिळालं की बाई पेठ सोडते, तिकडं नाव नेलं तर शहर मध्यमधून मत गेलं, नाही नेलं तर मतदानाला रिक्षाचे पैसे घालून इकडं यायचं. जो आपल्या माणसांना घरं देतो त्याचाच मतदारसंघ रिकामा होतो, असा हा प्रकार आहे. नोव्हेंबरात काँग्रेस, एमआयएम आणि माकप तिघं वेगवेगळे लढले हे कारण आहेच, मी नाही म्हणत नाही, पण ते सगळ्यांना दिसतं, हे दिसत नाही.

हे सगळं तपासायचं असेल तर चौकातल्या गप्पा सोडा आणि फॉर्म 20 बघा. प्रत्येक बुथवर कुणाला किती मतं पडली याचा तक्ता असतो तो, निवडणूक आयोगाकडं मिळतो. एकाच शाळेतल्या शेजारच्या दोन खोल्या, दोन बूथ, आणि आकडे दोन वेगळ्या गावांचे वाटतात. पूर्व भाग म्हणून एक गठ्ठा नाहीच आहे बघा.

मघाशी मागून कुणीतरी विचारलं की मग जुळे सोलापूर या शहराच्या नव्या भागातले शिकलेले लोक का येत नाहीत, त्यांना तर विड्या वळायच्या नाहीत. आधी यादी बघा म्हणेन मी. घरात नावं चार. मुलगा-सून पुण्याला हिंजवडीत, नाव वगळायचा फॉर्म 7 कुणी भरलेला नाही, कारण पोरांचं नाव स्वतःच्या हातानं काढायला आई-बापाला नको वाटतं. दोघं म्हातारी सकाळी सातला रांगेत उभी राहून शाई लावून येतात. कागदावर त्या घराचं मतदान पन्नास टक्के.