लॉ कॉलेज वर्षभरात किती वाढलं?

श्रोतेहो, नमस्कार.

शैक्षणिक वर्ष संपत आलं की प्रत्येक लॉ कॉलेजात वार्षिक अहवालाची घाई सुरू होते. प्रवेश किती झाले, निकाल किती टक्के लागला, नवी तुकडी मिळाली का, मूट कोर्टाचा, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्यात युक्तिवाद करण्याच्या स्पर्धेचा, करंडक कुणी आणला. मी कायदा शिकवतो. असे अहवाल मीही लिहिलेत, आणि मनापासून लिहिलेत, कारण त्या करंडकामागे मुलांच्या जागून काढलेल्या रात्री मी पाहिलेल्या असतात. तरी अहवाल मिटून ठेवला की मला एकच गोष्ट विचारावीशी वाटते. या वर्षी आमच्या किती मुलांनी खऱ्या माणसाचं गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं?

आकडे कधी कधी फसवतात. १८७० साली क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल हार्वर्डच्या लॉ स्कूलचे डीन झाले. तोवर प्राध्यापक नियम सांगत आणि मुलं ते उतरवून घेत. लँगडेल यांनी मुलांच्या हाती न्यायालयांचे निकालच दिले आणि वर्गात प्रश्न विचारायला सुरुवात केली. घडलं काय? वाद कशावरून होता? न्यायालय या निर्णयापर्यंत आलं कसं? मुलं गोंधळली, वैतागली, वर्गाला मोजकीच येऊ लागली. प्रवेशही घटले. १८७२ मध्ये तिथून जवळच बोस्टन विद्यापीठाचं लॉ स्कूल निघालं, तेही बऱ्याच अंशी या पद्धतीला कंटाळून. त्या सालचा अहवाल वाचून कुणीही म्हणालं असतं, कॉलेज बुडालं! पुढे हीच पद्धत अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या नामवंत लॉ स्कूलांनी उचलली.

लँगडेल यांच्या लेखी ग्रंथालय हीच कायद्याची प्रयोगशाळा होती. मला इथे एक उणीव दिसते. ग्रंथालयात निकाल भेटतो, पण ज्याच्यावर प्रसंग गुदरला तो माणूस भेटत नाही. आपल्याकडे बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलचे संस्थापक संचालक माधव मेनन यांनी हे ओळखलं होतं. अशिलांसोबत प्रत्यक्ष काम करत मुलांनी कायदा शिकावा, असा त्यांचा कायम आग्रह राहिला. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे आता प्रत्येक लॉ कॉलेजात गरजूंना कायद्याची मदत करणारं विधी साहाय्य केंद्र असायलाच हवं. मूट कोर्टाचा शंभर गुणांचा पेपर सक्तीचा आहे, आणि त्यातले गुण नुसते युक्तिवादाला नसतात. कोर्टात जाऊन खटला कसा चालतो ते पाहायचं, वकील अशिलाला काय विचारतो ते बसून ऐकायचं, याचेही गुण आहेत. मुलं हा भाग बऱ्याचदा वही भरण्यापुरता उरकतात. आम्ही शिक्षक ते चालवून घेतो, हे मी कबूल करतो.

मूट कोर्टाचं मोल मी कमी करत नाही. जेसप नावाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९६० पासून चालते. तिथे दोन काल्पनिक देशांचा तंटा आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे मांडायचा असतो, आणि प्रत्येक संघाला दोन्ही बाजू तयार कराव्या लागतात. आज ज्याच्या बाजूने बोललात, उद्या त्याच्याच विरुद्ध उभं राहायचं. समोरच्याचं म्हणणं त्याच्या जागी बसून समजून घेणं, हे शिक्षण दुसरीकडे सहजी मिळत नाही. पण मूट कोर्टात हकिकत कागदावर छापून हातात येते. खरा अशील ती पिशवीत घालून आणतो, आणि तिचा क्रम त्यालाही ठाऊक नसतो.

एक प्रसंग सांगतो. नावगाव अर्थातच सांगणार नाही. आमच्या केंद्रात एक वयस्क बाई आल्या. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, आणि सातबाऱ्यावर नावं लागली ती फक्त मुलांची. टेबलाशी आमची तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी होती, वर्गात पहिली येणारी. तिने लगेच सुरुवात केली: १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा, कलम ८, विधवा पहिल्या वर्गाची वारस, मुलांइतकाच हिस्सा. सगळं अचूक! बाई मान डोलावत होत्या. मी मागे बसून ऐकत होतो आणि मला कळत होतं, त्यांच्यापर्यंत यातलं काहीही पोचलेलं नाही.

मुलीने अर्ज लिहिला आणि सहीसाठी पुढे सरकवला. बाईंनी कागद हातात घेतला, तो उलटा धरला होता. मुलगी थांबली. तिने खुर्ची टेबलाला वळसा घालून बाईंच्या शेजारी आणली आणि म्हणाली, "मावशी, मी वाचून दाखवते. चुकलं तर मला थांबवा." चौथ्या ओळीलाच मावशींनी थांबवलं. त्यांना एक मुलगीही होती, लग्न होऊन दूर गेलेली. अर्जात तिचं नाव नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. आमच्या विद्यार्थिनीने तो कागद बाजूला ठेवला, नवा घेतला आणि या खेपेला आधी सगळं ऐकून घेतलं. त्याला जवळपास तास लागला.

त्या वर्षीच्या अहवालात आमच्या केंद्रासाठी जेमतेम एक ओळ होती. ती मीच लिहिली होती, आणि ती अपुरी होती याची मला आजही रुखरुख आहे. करंडकाचा फोटो मात्र अर्धं पान होता.

पुढे तलाठ्याकडे अर्ज गेला, सगळ्यांना नोटिसा निघाल्या, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. आमची विद्यार्थिनी दोनदा बरोबर गेली. मग एका दुपारी त्या बाई नवा उतारा घेऊन केंद्रात आल्या. टेबलावर तो सरळ करून ठेवला आणि विद्यार्थिनीला म्हणाल्या, "पोरी, माझं नाव कुठंय, तिथं बोट ठेव." तिने ठेवलं. मग बाईंनी तिचं बोट हलकेच बाजूला केलं आणि तिथे आपलं ठेवलं.