पत्रा उतरवताना

(गावठाणातली छपरं, वरून. सकाळ.)

नवी मुंबईतलं घणसोली गावठाण. मे महिना. वरून पाहिलं की छपरांचे दोन रंग दिसतात. निळे आहेत ते नवे लोखंडी पत्रे. मधूनमधून राखाडी, शेवाळानं काळे पडलेले, ते सिमेंटचे.

सिमेंटचे आपण म्हणतो. त्या सिमेंटमध्ये साधारण ८ ते १० टक्के ॲस्बेस्टॉस असतं. खाणीतल्या दगडातून निघणारा, कापसासारखा पिंजता येणारा तंतू. तो सिमेंटला आतून धरून ठेवतो, म्हणून जेमतेम ६ मिलिमीटर जाडीचा पत्रा इतके पावसाळे काढतो.

त्यातल्या या एका घरावर आधी मंगलोरी कौलं होती. मागे भाताची खाचरं, पलीकडे खाडी. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली, जमिनी गेल्या, ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने वाढले. घरातली माणसं पाळीवर जाऊ लागली, दर मे महिन्यात शाकारणीला हात कुठून आणायचे? लोखंडी पत्रा खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात गंजायचा आणि पावसात असा वाजायचा की बोललेलं ऐकू यायचं नाही. सिमेंटचा पत्रा गंजत नव्हता, वाजत नव्हता, तापायचाही कमी. ठाण्याच्या वेशीवर, मुलुंडला, त्याचा कारखानाच होता. त्या काळी विचार करून घर बांधणाऱ्यानं हाच पत्रा घेतला असता. या घरानंही घेतला.

आता इथे स्लॅबचं घर उभं राहायचंय.

(शेजारच्या गल्लीतलं पाडकाम. मोबाइलवर घेतलेलं.)

नेहमी होतं ते असं. नाक्यावरून दोन माणसं येतात. बोल्ट गंजलेले, सोडवत बसलं तर दिवस जातो, म्हणून थेट घण. पत्रा घरातच कोसळतो. तुकडे पाटीत, पाट्या टेम्पोत, डेब्रिज कुठल्या तरी भरावावर. तोंडाला रुमाल.

ही फुटलेली कड जवळून बघा. सिमेंटमधून पांढरी लव बाहेर आली आहे. डोळ्यांना दिसते ती लव म्हणजे असंख्य तंतूंचा झुबका. फुप्फुसात खोल उतरतो तो तंतू दिसत नाही, तासन्‌तास हवेत राहतो आणि रुमालातून सहज पार होतो. त्यातून ॲस्बेस्टोसिस (फुप्फुसं कडक होत जाणं), फुप्फुसाचा कर्करोग, मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) असे आजार होतात; बऱ्याचदा २० ते ४० वर्षांनी.

धड पत्रा नुसता डोक्यावर असताना फारसा तंतू सोडत नाही. फुटला, कापला, घासला, की सोडतो. या घरातलं सगळं काम या एका गोष्टीवर बेतलेलं आहे.

(अंगण. माणसं तयार होताना.)

मुकादम आज सकाळीच दाढी करून आलेत. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही, फटीतून हवा आत येते. मास्कही साधा नाही. अर्धा चेहरा झाकणारा, दोन्ही बाजूंना पी-१०० म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारे फिल्टर असलेला. अंगात एकदाच वापरून टाकायचे पांढरे डगले. घरातलं सामान कालच हललं, शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या, पोरांना मामाकडे धाडलं.

पत्र्याचा एक तुकडा आधीच प्रयोगशाळेत तपासून आणला होता, कारण हल्ली ॲस्बेस्टॉस नसलेले सिमेंटचे पत्रेही मिळतात आणि नुसतं पाहून दोन्हींतला फरक कळत नाही.

आता हा पंप. शेतात औषध फवारायचा, पाठीवरचा. टाकीत पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. साबणानं पाणी पत्र्यात मुरतं, नुसतं ओघळून जात नाही. फवारा मंद ठेवलाय. गाड्या धुवायचं जोराचं मशीन इथे मुळीच चालत नाही, ते पृष्ठभाग खरवडून काढतं. आधी मोभाऱ्याचे पत्रे भिजले, मग खालच्या ओळी. पत्र्यावर सरळ पाय देत नाहीत. खाली अँगल कुठे आहेत ते बघून फळ्या टाकल्यात, कमरेला पट्टा आहे. जुना पत्रा पायाखाली केव्हा दगा देईल, सांगता येत नाही.

पत्रा धरून ठेवणारे, आकड्यासारखे वाकलेले जे-बोल्ट. प्रत्येकावर तेल सोडून रात्रभर ठेवलं होतं. बरेचसे पान्यानं सुटले. जे सुटले नाहीत ते बोल्ट कटरनं तोडले. ग्राइंडर आणलेलाच नाही.

आणि हा पहिला पत्रा. दहा फुटी, भिजून चाळीस किलोच्या वर. वर दोघं, खाली दोघं, दोन दोर. खेचायचा नाही, घसरू द्यायचा नाही, अख्खाच खाली आणायचा.

खाली जाड प्लास्टिक अंथरलंय. पत्रा ओला असतानाच गुंडाळतात, दोन थर, कडांना टेप. वर मार्करनं लिहितात: ॲस्बेस्टॉस, फोडू नका. सांडपाण्याचा जुना सिमेंटचा पाइपही याच रांगेत. हा घातक कचरा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे चौकशी करून तो तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात द्यायचा. साध्या डेब्रिजमध्ये याला जागा नाही.

६० हून जास्त देशांत ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे. आपल्याकडे रशिया, कझाकस्तान, ब्राझीलहून ते येतं आणि पत्रा अजून बनतो. कारखान्यातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं जपा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये सांगितलं. नाक्यावरून रोजावर आलेल्या माणसाची नोंद कुठेच होत नाही.

(संध्याकाळ. छप्पर उघडं.)

झाडू वापरायचा नाही. फरशी, ओटा, चौकट, सगळं ओल्या फडक्यानं पुसलं, आणि फडकीही पिशवीत गेली. डगले आधी भिजवले, मग उतरवले. घरचे कपडे झटकले नाहीत. नवऱ्याचे धुळीचे कपडे धुता धुता बायका आजारी पडल्याच्या नोंदी जगभरच्या डॉक्टरांकडे आहेत.

शेजारचे एक दादा आलेत. दोन चांगले पत्रे मागतायत, मोरीवर घालायला. पूर्वी असे पत्रे या घरातून त्या घरात सहज जायचे. घरमालक काका नाही म्हणून मान हलवतात. दिले तर मापाला कापले जाणार, नवी भोकं पडणार.

दादा थोडा वेळ उभे राहतात. मग चपला बाजूला काढून प्लास्टिकचं एक टोक धरतात.