हेल्परचे डोळे

(दृश्य : मिरकरवाडा बंदर, रत्नागिरी. जुलैचा पाऊस. ओढून ठेवलेल्या ट्रॉलरवर निळा लखलखाट.)

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. विंचचा, म्हणजे जाळं ओढणाऱ्या यंत्राचा पाया, रेलिंग, सुकाणूचा पत्रा, सगळी डागडुजी याच दिवसांत उरकायची.

वेल्डरच्या तोंडापुढे काळी काच आहे. पण पत्रा धरून बसलेला तो पोरगा बघा. रॉड टेकला की तो फक्त मान वळवतो, डोळे मिटतो. हा हेल्पर. आम्हाला काळजी वाटते ती त्याची.

आर्कमधून, म्हणजे रॉड आणि पत्र्यामध्ये पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीतून, उजेडाबरोबर अतिनील आणि अवरक्त किरणं निघतात. अतिनील किरणं बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतात, आणि त्या वेळी काही म्हणता काही कळत नाही. सहा ते बारा तासांनी, रात्री जेवून आडवं झाल्यावर, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. पाणी थांबत नाही, दिव्याकडे बघवत नाही. घरात कोणी दुधाचे थेंब घालतं, कोणी बटाट्याच्या चकत्या ठेवतं. दूध डोळ्यांत अजिबात घालू नका, त्यातून जंतू जातात. बधीर करणारे थेंबही दुकानातून आणून घालत राहू नका; ठणका दबतो, पण जखम भरत नाही. डॉक्टरांना सरळ सांगा, वेल्डिंग लागलंय.

बहुतेकदा एक-दोन दिवसांत बरं वाटतं, म्हणून हे दुखणं कोणी मनावर घेत नाही. पण अवरक्त किरणांनी वर्षानुवर्षांनी मोतीबिंदू होऊ शकतो. वेल्डिंगच्या अतिनील किरणांनी कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली दिला.

नौकामालकांनो, हेल्परला त्याची स्वतःची काच द्या. शंभर ते दोनशे अँपिअरच्या कामाला १० किंवा ११ नंबरच्या गडदपणाची. बाजारातला काळा गॉगल चालत नाही; तो आर्कसाठी बनलेला नसतो आणि बाजूनेही उघडा असतो. उघड्या हातांना, मानेला झाकणारा जाड सुती शर्ट हवा. उकाड्यात तो नकोसा होतो, हे खरं. तरी हवाच.

शेजारच्या नौकेवर जाळी शिवणाऱ्यांसाठी मध्ये पत्र्याचा पडदा उभा करा, न चकाकणारा रंग लावून. प्लास्टिकची ताडपत्री नको, ती पेटते.

आणि वेल्डरदादा, रॉड टेकवण्याआधी हाक द्या. हेल्परची काच खाली आली की मगच टेकवा, अगदी एकच टॅक, म्हणजे पत्रा जागेवर धरणारा छोटा टाका, मारायचा असला तरी.