हेल्मेट खुंटीवरच का राहतं?

श्रोतेहो, नमस्कार.

हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की पुण्यात वाद हमखास रंगतो. कुणाची मान दुखते, कुणाला उकडतं, कुणी म्हणतं, शहरात गाडी पळतेच कुठे? पण या वादात न पडणारीही पुष्कळ मंडळी आहेत. हेल्मेट हवंच, असं ती मनापासून मानतात आणि ते घरी ठेवून निघतात.

असं वागणं समजून घ्यायला मानसशास्त्रात प्रतिमानं, म्हणजे मॉडेल, वापरतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांनी 1991 साली सविस्तर मांडलेला नियोजित वर्तनाचा सिद्धांत हे त्यातलं फार वापरलं गेलेलं मॉडेल. कृतीआधी हेतू असतो आणि तो तीन प्रश्नांतून घडतो, असं ते सांगतं. हे करणं मला बरं वाटतं का? माझी माणसं काय म्हणतील? आणि हे मला जमेल का? हेल्मेटच्या बाबतीत तिसरा प्रश्न फार बोलका. गाडी लावल्यावर ते ठेवायचं कुठे? हातात धरून भाजी कशी घ्यायची? अडचण ही असेल, तर अपघाताची भीतिदायक पोस्टरं लावून काय होणार? गाडीला हेल्मेटचं लॉक बसवलं पाहिजे. नेमका हात कुठे घालायचा, हे मॉडेलमुळे कळतं.

मोजताना मात्र घोळ होतो. ‘हेल्मेट महत्त्वाचं आहे का?’ असं विचारलं की सगळेच हो म्हणतात आणि त्या होकारावरून काहीच कळत नाही. प्रश्नात कोणती कृती, कशाबाबत, कुठे आणि केव्हा, हे चारही हवं. ‘येत्या दोन आठवड्यांत दुचाकीवरून कामावर जाताना तुम्ही रोज हेल्मेट घालणार का?’ उत्तर 1 ते 7 या पट्टीवर घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी तेवढीच कृती तपासायची. जमलं तर चौकात उभं राहून.

चौकात कशाला? आर्मिटेज आणि कॉनर या संशोधकांनी 2001 साली या सिद्धांतावरच्या 185 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले. माणसामाणसांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सरासरी 27 टक्के या मॉडेलने उलगडला. लोकांनी स्वतःच सांगितलेलं वागणं धरलं तर 31 टक्के, इतरांनी पाहून नोंदवलेलं धरलं तर 21च्या आसपास. आपण स्वतःबद्दल जरा बरंच सांगतो!

आणि 27 टक्के म्हणजे शंभरातल्या 27 जणांचं वागणं अचूक ओळखलं, असं मुळीच नव्हे. हा हिशेब गटातल्या फरकांचा आहे. शेजारचे काका उद्या हेल्मेट घालतील की नाही, ते यातून सांगता येत नाही.

उरलेल्या फरकातला काही भाग सवयीचा. रोज त्याच वेळी त्याच रस्त्याने जाणारा माणूस दर सकाळी हेतू तपासत बसत नाही. हात चावीकडे जातो, बस्स. वेब आणि शीरन यांनी 2006 साली 47 प्रयोग तपासले, तेव्हा हेतू बऱ्यापैकी बदलूनही कृती त्यामानाने थोडीच बदललेली दिसली.

2014 साली तर काही संशोधकांनी या सिद्धांताला निवृत्त करा, असंच लिहिलं. हे जरा टोकाचं झालं. हेतू कसा घडतो, ते हा सिद्धांत चांगलं सांगतो. तो हातून कसा घडवून आणायचा, यासाठी मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचा ‘जर-तर’ बेत घ्यावा. ‘मी हेल्मेट घालीन’ असं नुसतं न म्हणता, ‘चावी हातात घेतली की आधी हेल्मेट, मग दार’ असं ठरवायचं. अशा बेतांच्या 94 चाचण्या एकत्र केल्यावर परिणाम चांगलाच दिसला. पण ‘जर’मधली खूण, म्हणजे इथे चावी हातात घेणं, रोज न चुकता घडणारी हवी. ‘वेळ मिळाला की’ ही खूण नव्हे. शिवाय बेत आपला हवा. बायकोने ठरवून दिलेला दोन दिवस टिकतो.

आणि घरात गाडी चालवणारे दोघं, हेल्मेट एकच, अशी स्थिती असेल तर कुठलंच मॉडेल कामाचं नाही. आयएसआय खूण पाहून दुसरं हेल्मेट आणावं.